विश्लेषण : विमान रखडले, कुटुंब परदेशात अडकले... उशिराचा भुर्दंड नेमका कोणाच्या माथी?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांकडे जर्मनीला, नातवंडांना भेटायला अमेरिकेला किंवा सहकुटुंब दुबई-सिंगापूरला जायचे बेत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अनेक घरांत आखले जात आहेत. मात्र २०२५ या वर्षात विमानप्रवासाचे वेळापत्रक एकदा नव्हे, अनेकदा कोलमडले. विमान सहा तास रखडले तर जेवण कोण देणार, पुढचे विमान चुकले तर नवे तिकीट कोण काढणार, व्हिसा संपला तर काय? या प्रश्नांची बरीचशी उत्तरे विमानतळावर मिळत नाहीत. ती तिकीट काढतानाच ठरून जातात.

गेल्या वर्षी काय काय घडले?

२ एप्रिल २०२५ रोजी लंडनहून मुंबईला निघालेले व्हर्जिन अटलांटिकचे विमान एका प्रवाशाची प्रकृती बिघडल्याने तुर्कस्तानातील दियारबाकिर येथे उतरवण्यात आले. तिथे विमानात तांत्रिक अडचण निघाली आणि अडीचशेहून अधिक प्रवासी ४० तासांपेक्षा जास्त काळ अडकून पडले. त्यात लहान मुले आणि वृद्धही होते. २३ जून रोजी इराण-इस्रायल संघर्षाच्या काळात कतारसह काही आखाती देशांनी आपली हवाई हद्द काही तास बंद केली आणि दोहा-दुबईमार्गे जाणारे प्रवासी जगभर खोळंबले. १७ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, एअर इंडियाचे मिलान-दिल्ली विमान तांत्रिक बिघाडामुळे रद्द झाले. पुढच्या विमानांत जागा मिळेपर्यंत अनेकांची दिवाळी इटलीतच उजाडते की काय, अशी स्थिती होती. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची सेवा विस्कळीत झाली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी कंपनीची एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. पुणे आणि मुंबई ही नगरकरांची दोन्ही विमानतळे त्यात होती.

या चारही घटनांची कारणे वेगवेगळी आहेत : प्रवाशाचे आजारपण, युद्ध, यंत्रातला बिघाड आणि कंपनीचे फसलेले नियोजन. प्रवाशाला सगळीकडे अनुभव सारखाच येतो, पण त्याला काय मिळणार हे या कारणावरच अवलंबून असते.

एका विमानाचा उशीर इतरांपर्यंत कसा पोहोचतो?

विमान जमिनीवर उभे राहिले की कंपनीचा तोटा होतो. त्यामुळे कमी अंतरावरचे एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते. पहाटेची पहिली फेरी धुक्यामुळे दीड तास उशिरा निघाली, तर तो दीड तास संध्याकाळपर्यंत फेरीमागून फेरी पुढे सरकत राहतो. मध्ये सुटीचा वेळच नसेल तर तो भरून निघत नाही. म्हणून आकाश निरभ्र असतानाही पुण्यात रात्री विमान रखडते. त्याचे मूळ सकाळी दिल्लीत पडलेल्या धुक्यात असू शकते.

दुसरी अडचण वैमानिकांच्या तासांची. थकलेल्या वैमानिकाने उड्डाण करू नये यासाठी कामाच्या तासांवर मर्यादा असते. ती ओलांडली जाणार असेल तर विमान तयार असूनही निघू शकत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आली. नियम सुरक्षेसाठी आवश्यकच होते. पण त्यासाठी पुरेसे वैमानिक तयार न ठेवल्याने डिसेंबरात गोंधळ उडाला. अखेर इंडिगोला रात्रीच्या काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट द्यावी लागली.

नगरकरांचे गणित वेगळे कसे?

मुंबईकराचा परदेश प्रवास विमानतळावर सुरू होतो. नगरकराचा तो आदल्या दिवशी दुपारीच सुरू झालेला असतो. अहिल्यानगर शहरापासून पुणे सुमारे १२० किलोमीटर आणि मुंबई सुमारे २५० किलोमीटर. पुण्याकडे जाताना शिक्रापूर आणि वाघोलीची कोंडी, संगमनेर-अकोलेकरांना नारायणगावच्या पुढे चाकणची कोंडी, कल्याणमार्गे मुंबई गाठायची तर पावसाळ्यात माळशेज घाटातल्या दरडी. कोपरगाव-राहाता भागाला समृद्धी महामार्गाचा मोठा आधार आहे. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. पण आमणेच्या पुढे मुंबईची वाहतूक आहेच.

जिल्ह्यात काकडी येथे शिर्डी विमानतळ आहे. ते १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाले. तिथून दिल्ली, हैदराबाद, बेंगळूरुसारख्या शहरांकडे जाता येते, पण परदेशाची नियमित सेवा नाही. म्हणजे शिर्डीहून निघाले तरी मध्ये एक विमान बदलावे लागतेच. शिवाय हवामानाचा धोका आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये कमी दृश्यमानतेमुळे शिर्डीची विमानसेवा अनेक दिवस ठप्प झाली होती.

गावातून निघालेली गाडी, देशांतर्गत विमान, परदेशी विमान आणि तिथून पुढची रेल्वे अशी ही चार कड्यांची साखळी असते. कायदा मात्र प्रत्येक कडी स्वतंत्र मोजतो. तुमची टॅक्सी वाघोलीत अडकली तर त्याची जबाबदारी विमान कंपनीवर येत नाही. आणि विमान उशिरा आल्याने पुढची रेल्वे चुकली तर तिचे पैसे आपोआप परत मिळत नाहीत.

आणखी एक नेहमीचा गोंधळ तारखेचा. मुंबईहून युरोप-अमेरिकेला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, रात्री १.३० असे असेल, तर घर १४ तारखेच्या दुपारीच सोडावे लागते. १५ तारखेच्या रात्री विमानतळावर पोहोचलेल्या कुटुंबाचे विमान २४ तास आधीच गेलेले असते.

एक तिकीट की दोन तिकिटे?

सर्वाधिक पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच. समजा, शिर्डी-दिल्ली आणि दिल्ली-फ्रँकफर्ट असा प्रवास आहे. दोन्ही उड्डाणे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर असतील, तर पहिले विमान रखडून दुसरे चुकल्यास पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. तीच दोन तिकिटे दोन संकेतस्थळांवरून वेगवेगळी काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त ‘वेळेवर न आलेले प्रवासी’ असता. चार जणांचे परदेशाचे तिकीट तिथेच वाया जाऊ शकते.

स्वतंत्र तिकिटे बहुतेक वेळा काही हजारांनी स्वस्त दिसतात. पण ती काही हजारांची बचत म्हणजे उशिराचा सगळा धोका स्वतःच्या अंगावर घेण्याची किंमत असते. तशी तिकिटे घ्यायचीच असतील तर दोन विमानांत चार-पाच तासांऐवजी एका रात्रीचे अंतर ठेवणे शहाणपणाचे.

परतीच्या प्रवासातही हे लक्षात ठेवावे. परदेशातून आल्यावर भारतातल्या पहिल्या विमानतळावर सर्वसाधारणपणे सामान ताब्यात घेऊन सीमाशुल्क तपासणी करावी लागते आणि ते पुन्हा चेक-इन करावे लागते. त्यामुळे दिल्लीत उतरून दीड तासात शिर्डीचे विमान पकडू, हा हिशेब कागदावरच बरा दिसतो.

भारतीय नियम नेमके काय देतात?

डीजीसीएच्या नियमांत ‘उशीर’ आणि ‘रद्द’ हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि सगळी मेख त्यातच आहे. ढोबळमानाने ते असे :

• जेवण-अल्पोपाहार : अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ३ तास आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला ४ तास उशीर होणार असेल तर मोफत. म्हणजे मुंबई-दुबईसाठी ३ तास, मुंबई-लंडनसाठी ४ तास.

• हॉटेल : उशीर २४ तासांपेक्षा जास्त असेल तर. पण विमानाची मूळ वेळ रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यान असेल, तर ६ तासांपेक्षा जास्त उशिरालाच हॉटेल द्यावे लागते. मध्यरात्रीच्या परदेशी विमानांना ही तरतूद लागू पडते, तरी ती फार कमी जण मागतात.

• परतावा किंवा पर्यायी विमान : देशांतर्गत विमानाला ६ तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर यापैकी एक निवडण्याचा अधिकार प्रवाशाला.

• रोख भरपाई : आगाऊ सूचना न देता विमान रद्द केले तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५ हजार, साडेसात हजार किंवा १० हजार रुपये, अथवा एकेरी मूळ भाडे व इंधन शुल्क, यातील जी रक्कम कमी असेल ती.

• जागेपेक्षा जास्त तिकिटे विकल्याने प्रवेश नाकारला तर : एका तासात दुसरे विमान दिले तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत दिले तर भाड्याच्या दुप्पट, कमाल १० हजार. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २० हजार रुपये.

हे सारे वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशासाठी आहे. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका, युद्ध, संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर रोख भरपाई नाही.

या यादीत विमानाच्या नुसत्या उशिरासाठी रोख रक्कम कुठेच नाही. विमान ‘रद्द’ झाले तर पैसे द्यावे लागतात, ‘उशीर’ झाला तर जेवण आणि फार तर हॉटेल. दोन-दोन तासांनी पुढे ढकलत नेलेले विमान १४ तासांनी निघाले, तरी कागदोपत्री तो उशीरच राहतो.

युरोपातून परतताना चित्र का बदलते?

युरोपीय संघाचा ‘२६१’ या क्रमांकाने ओळखला जाणारा नियम प्रवाशाच्या बाजूने बराच कडक आहे. अंतिम मुक्कामी ३ तास किंवा अधिक उशिराने पोहोचल्यास अंतरानुसार २५० ते ६०० युरो रोख भरपाई मिळू शकते. साडेतीन हजार किलोमीटरपेक्षा लांब प्रवासासाठी कमाल रक्कम ६०० युरो, म्हणजे साधारण ६० हजार रुपये. ही रक्कम माणशी आहे. स्वतःचे तिकीट असलेली मुलेही त्यात येतात.

हा नियम कोणाला लागू? युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला, अगदी भारतीय कंपनीच्याही. युरोपकडे जाणाऱ्या विमानाला मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. म्हणजे फ्रँकफर्ट-मुंबई हा प्रवास भारतीय कंपनीने केला तरी संरक्षण आहे. त्याच कंपनीने मुंबई-फ्रँकफर्ट केला तर नाही.

इथेही अपवाद आहेत. वादळ, हवाई हद्द बंद होणे अशा प्रसंगी रोख भरपाई मिळत नाही. पण नेहमीचा तांत्रिक बिघाड ही ‘असाधारण परिस्थिती’ मानता येणार नाही, असे युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि कारण काहीही असले तरी जेवण, हॉटेल आणि तिथपर्यंतची ने-आण ही काळजी कंपनीला घ्यावीच लागते.

ब्रिटनने असाच नियम स्वतंत्रपणे ठेवला आहे. लांब पल्ल्याच्या प्रवासाला तिथे कमाल ५२० पौंड आहेत. अमेरिकेत उशिरासाठी अशी ठरलेली भरपाई नाही. मात्र आंतरराष्ट्रीय विमान ६ तासांहून अधिक लांबले आणि प्रवाशाने प्रवासच नाकारला, तर पैसे आपोआप परत करण्याचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे.

आखात किंवा सिंगापूरमार्गे गेले तर?

तिथे माँट्रियल करार उपयोगी पडतो. भारत २००९ पासून त्यात आहे. उशिरामुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान, म्हणजे हॉटेल, नवे तिकीट, टॅक्सी, या कराराखाली मागता येते. कराराच्या २८ डिसेंबर २०२४ पासूनच्या सुधारित मर्यादेनुसार ते माणशी ६,३०३ ‘एसडीआर’पर्यंत, म्हणजे साधारण साडेसात लाख रुपयांपर्यंत असू शकते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. सामानासाठी ही मर्यादा १,५१९ एसडीआर आहे.

ही मर्यादा म्हणजे हमखास मिळणारी रक्कम नव्हे. पावती दाखवाल तेवढेच मिळते. आणि उशीर टाळण्यासाठी शक्य ते सर्व केले, हे कंपनीने सिद्ध केले तर तेही नाही. सामान खराब मिळाल्यास ७ दिवसांत आणि उशिरा मिळाल्यास २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. दावा दाखल करण्याची मुदत २ वर्षे.

व्हिसा संपत आला असेल तर?

परदेशात अडकलेल्या कुटुंबाची खरी भीती हीच असते. मिलानच्या घटनेत एका प्रवाशाचा शेंगेन व्हिसा २० ऑक्टोबरला संपत होता. त्याला दुसऱ्या कंपनीच्या विमानाने १९ तारखेला पाठवण्याची व्यवस्था करावी लागली. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, व्हिसाची तारीख काउंटरवर आधी सांगावी, कारण पर्यायी जागा देताना ती महत्त्वाची ठरते. दोन, शेंगेन देशांच्या नियमांत अपरिहार्य कारणाने अडकलेल्याला व्हिसा विनामूल्य वाढवून देण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी मुदत संपण्याआधी तिथल्या यंत्रणेकडे जावे लागते. विमान रद्द झाल्याचा लेखी पुरावा सोबत हवा.

ज्या देशात फक्त विमान बदलायचे आहे, तिथला व्हिसा नसेल तर हॉटेल मिळूनही विमानतळाबाहेर पडता येईलच असे नाही. म्हणून रक्तदाब-मधुमेहाची किमान तीन-चार दिवसांची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, बाळाचे दूध, चार्जर आणि एक उबदार कपडा हातातल्या बॅगेतच हवा. चेक-इन केलेली बॅग अशा वेळी हाती लागत नाही. आई-वडील एकटेच प्रवास करत असतील आणि इंग्रजीची अडचण असेल, तर व्हीलचेअर सेवा तिकिटासोबतच नोंदवावी. त्यामुळे किमान एक कर्मचारी त्यांच्यासोबत राहतो. पीएनआर क्रमांक, मुलाचा फोन आणि औषधांची नावे एका कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवावीत. मोबाइलची बॅटरी संपली तरी कागद कामाला येतो.

विमान रखडल्याचे कळले, पहिल्या तासात काय करावे?

• फलकाचा आणि कंपनीच्या संदेशाचा स्क्रीनशॉट काढा. कारण काय सांगितले, ते जसेच्या तसे टिपून ठेवा.

• कुटुंबातील एकाने काउंटरच्या रांगेत उभे राहावे, दुसऱ्याने ॲप किंवा फोनवरून पर्यायी विमान शोधावे. जागा मर्यादित असतात. चार जणांना एकत्र जागा आधी विचारणाऱ्याला मिळते.

• उशिराचे किंवा रद्द झाल्याचे लेखी प्रमाणपत्र मागा. प्रवास विमा आणि ग्राहक आयोग, दोन्हीकडे ते लागते.

• परताव्याऐवजी कूपन देऊ केले तर लगेच ‘हो’ म्हणू नका. एकदा स्वीकारले की रोख परतावा मागणे अवघड होते.

• जेवण, पाणी, टॅक्सी, औषध, प्रत्येकाची पावती ठेवा.

• स्वतःहून ‘मी प्रवास रद्द करतो’ असे बटण दाबू नका. विमान कंपनीने रद्द करणे आणि प्रवाशाने रद्द करणे, यात भाड्याएवढा फरक पडतो.

तिकीट एजंटकडून काढले असले तरी परताव्याची जबाबदारी डीजीसीएच्या नियमानुसार विमान कंपनीवरच आहे. ‘एजंटला विचारा’ हे उत्तर पुरेसे नाही.

दाद कुठे मागायची? मुंबई-दिल्लीला खेटे घालावे लागतात का?

नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तिथे समाधान झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो, त्याच जिल्ह्यातल्या आयोगात जाता येते. म्हणजे कंपनीचे कार्यालय कुठेही असो, पाथर्डी किंवा जामखेडच्या प्रवाशाला अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. मुदत २ वर्षे.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल इथे मार्गदर्शक आहेत. २०११ मध्ये इंडिगोच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की धुक्यामुळे झालेला उशीर ही सेवेतील त्रुटी नाही. पण अडकलेल्या प्रवाशांना खाणेपिणे आणि योग्य माहिती देण्याचे कर्तव्य कंपनीला टाळता येत नाही. दुसरा निकाल ६ सप्टेंबर २०२१ चा, रेल्वेविरुद्धचा. अजमेर-जम्मू एक्स्प्रेस चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले होते. उशिराला आपण जबाबदार नव्हतो, हे रेल्वेला पुराव्यानिशी सिद्ध करता आले नाही. त्यामुळे टॅक्सी, वाया गेलेले आरक्षण आणि मनस्ताप यांपोटी भरपाईचा आदेश न्यायालयाने कायम ठेवला. उशिराचे कारण सिद्ध करण्याचा भार सेवा देणाऱ्यावर आहे, हे तत्त्व विमानाच्या प्रकरणातही प्रवाशाला उपयोगी पडू शकते.

मग उणीव कुठे आहे?

डिसेंबरच्या गोंधळात सरकारने तिकीटदरांवर मर्यादा घातली, परतावे देण्यासाठी ७ डिसेंबरची मुदत दिली आणि इंडिगोच्या उड्डाणांत कपातही केली. ती संकटकाळची पावले होती. रोजच्या उशिराला मात्र भारतात आजही किंमत नाही. युरोपात कंपनीला ३ तासांच्या उशिराची रक्कम माहीत असते. त्यामुळे जादा विमान, जादा वैमानिक राखीव ठेवणे तिला परवडते. आपल्याकडे उशिराचा खर्च एक चहा आणि एक सँडविच एवढाच असेल, तर राखीव व्यवस्थेवर पैसे घालण्याची निकड कंपनीला वाटणार नाही. तो खर्च वाचतो आणि प्रवाशाच्या खिशातून जातो.

नियम बदलेपर्यंत कुटुंबाच्या हाती राहतात तिकिटाच्या वेळचे तीन निर्णय : सगळी उड्डाणे एकाच पीएनआरवर घेणे, दोन विमानांत भरपूर अंतर ठेवणे आणि उशीर व चुकलेले कनेक्शन या दोन्हींचा समावेश असलेला प्रवास विमा घेणे. विम्याची कागदपत्रे वाचताना किती तासांनंतर पैसे मिळतात, ही एकच ओळ आधी शोधावी. बाकीचे त्यानंतर.